न ओळखलेलं सोंग

१

'समुद्राकाठच्या रोजच्या जीवनाचं भोळ्या शैलीतलं चित्र,' असं शहरातल्या संग्रहालयाच्या त्या डॉक्टरबाईने कागदावर लिहून आणलं होतं. भोळं म्हणे! ज्या साबिनाआत्याने ते काढलं ती किती भोळी होती, ते तिच्याशी पत्ते खेळलेल्यांना विचारा.

मी हेस्टर पार्डी, समुद्रकाठच्या गॅफ कोव्ह गावची. सरकारने कॉड माशांची मासेमारी बंद केली तेव्हा आमच्या हातातलं काम गेलं. मग मी खेकड्यांच्या कारखान्यात लागले, तिथे दमा मागे लागला, आणि शेवटी गावच्या समितीने जुन्या शाळेचं संग्रहालय केलं तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. सकाळी नऊला कुलूप काढायचं, लाकडं घालून स्टोव्ह पेटवायचा, तावदानांवर बसलेलं मीठ पुसायचं. पाहुणे आले की छडी घेऊन चित्रापुढे उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे एकेका माणसाचं नाव सांगत जायचं. तीन उन्हाळे मी हेच करत आलेय.

चित्र कॅनव्हासवर नाही. मासे कापायच्या मेजाच्या फळ्या ठोकून, होडीचा उरलेला रंग वापरून आत्याने ते काढलं. हिरवा, पांढरा आणि गेरूसारखा लाल. माणसं चित्रातल्या घरांएवढी उंच, कॉड मासा होडीएवढा. उन्हाळ्यातली सकाळ आहे. लाकडी मांडवांवर बाया वाळवणाची मासळी उलटताहेत, दोरीवर कपडे फडफडताहेत, एसाकाका जाळं विणतोय, लिअँडर टिबोची बकरी कोणाचा तरी पायमोजा खातेय. लाल फ्रॉकमधली बारा वर्षांची मी खडकावर उभी आहे. पाहुण्यांना ती दाखवताना मला फार कौतुक वाटायचं. अशी अठरा माणसं, आणि अठराही जणांचं तोंड वासलेलं, गोल. "आम्ही हसरी माणसं," असं मी सांगायचे.

माझ्या आईला मात्र आत्याने त्यात घेतलं नाही. शेजारच्या घरात राहणारी बाई, आणि तिच्यासाठी बोटभर रंग नाही! याचा राग माझ्या मनात कायम होता.

उजव्या कडेला, धक्क्याच्या टोकाला एकोणिसावं माणूस उभं आहे. त्याच्या तोंडावर कापड आहे. "ही बाई डासांना कंटाळलीय," असं मी म्हणायचे. पाहुणे हसायचे आणि पुढे सरकायचे.

२

डॉक्टर रोझलिंड व्हिटन बुधवारी आली. चित्र शहरातल्या मोठ्या संग्रहालयात न्यायचं ठरलं होतं. समितीने सही करून दिली होती, मला विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. शुक्रवारी दुपारी ट्रक येणार होता. त्याआधी चित्राखाली लावायच्या पाटीसाठी तिला नावं हवी होती.

ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती निरागस! सगळं गाव एकत्र हसतंय. साध्या माणसांचा साधा आनंद."

"साधी माणसं कोण?" मी विचारलं.

"म्हणजे, चांगल्या अर्थाने."

"बरं झालं सांगितलंत. मी वाईट अर्थाने घेणार होते."

ती ओशाळली. मी छडी उचलली आणि सुरुवात केली. "लिअँडर टिबो."

हं.

आमच्याकडे 'हो' पुष्कळदा आतच म्हणतात, श्वास ओढता ओढता. ऐकतोय, पुढे बोल, असा त्याचा अर्थ. परगावच्यांना त्याची गंमत वाटते आणि दोन दिवस राहिले की तेही नक्कल करायला लागतात. बाई तसंच करतेय असं मला वाटलं.

"नेटी फज."

हं.

"एसा फज, नेटीचा नवरा."

हं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी छडी खाली ठेवली. "बाई, चित्र नेताय ते न्या, पण माझ्या तोंडावर माझी नक्कल करू नका."

तिने वहीतून मान वर केली. तोंडात पेनाचं टोपण होतं. ते काढून ती म्हणाली, "मी काही बोललेच नाही, हेस्टर. तो आवाज तुम्हीच करताय ना? प्रत्येक नावानंतर?"

दमा असलेल्या माणसाला दुसऱ्याने असं सांगितलं की ते पटतं. मी पंप काढला, दोनदा ओढला आणि उरलेली नावं भराभर सांगून टाकली. कापडवाल्या माणसापाशी ती म्हणाली, "आणि ही?"

"माहीत नाही."

त्यावर मात्र कसलाच आवाज आला नाही.

३

गुरुवारी ती यायच्या आधी मी एकटीच आत होते. बाहेर धुकं होतं, धक्कासुद्धा दिसत नव्हता. स्टोव्ह मुद्दामच पेटवला नव्हता, कारण धुराड्यातून वारा ओढला गेला की तसाच आवाज येतो अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

रुमालाने तोंड दाबलं, श्वास रोखून धरला आणि मग एकदम म्हटलं, "लिअँडर टिबो."

हं. चित्राच्या उजव्या कडेकडून.

धुराडं थंड, माझा श्वास बंद. तरी मन म्हणालं, खिडकीला फट असेल. मी खिडकीला कान लावून आले. मग चित्रातल्या लिअँडरवर छडी ठेवली आणि खोटंच नाव घेतलं. "पोस्टमास्तर."

काही नाही.

"लिअँडर टिबो."

हं.

नेटीला नेटी म्हटलं की हं, नेटीला दुसरं काही म्हटलं की गप्प. खिडकीच्या फटीला आमच्या गावातली माणसं कशी ओळखता येतील? मी दाराकडे दोन पावलं सरकले. पण मी मुळातच भांडखोर, भीती वाटली की मला आधी राग येतो. "कोण रे तू?" मी ओरडले. "सकाळच्या पारी चेष्टा करायला मीच सापडले का?"

छडी मी कापडवाल्यावर ठेवली आणि आठवतील ती नावं घेत गेले. मेलेल्या बाया, गाव सोडून गेलेल्या बाया, पाद्र्याची बहीण. एकालाही उत्तर आलं नाही. मात्र ते गप्प राहणं रिकाम्या खोलीचं नव्हतं. कोडं घालणारा माणूस उत्तराची वाट बघत बसतो, तसं ते होतं.

४

डॉक्टरबाई आली तेव्हा मी दाराबाहेर पायरीवर बसले होते. कापसाच्या बोळ्यांनी ती चित्रावरची काजळी काढायला बसली. पस्तीसेक वर्षं चित्र आत्याच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर टांगलेलं होतं.

दुपारी तिने मला हाक मारली. "हेस्टर, ही डासांची जाळी नाही. ही लेस आहे. पडद्याची असावी."

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या लेसवर नेच्याची पानं होती, आणि खालच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, चित्रात दुसरीकडे कुठेच नसलेल्या निळ्या रंगाची एक तिरपी रेघ.

पांढरा दोरा संपला म्हणून माझ्या आईने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा निळ्या दोऱ्याने रफू केला होता. त्या रफूपायी ती महिनाभर स्वतःवर चिडली होती.

तो पडदा गारलंडने तोंडावर बांधायला नेला. गारलंड माझा मोठा भाऊ, एकोणीस वर्षांचा. सत्तावन्न सालच्या जानेवारीत, नाताळच्या बारा दिवसांतल्या शेवटच्या संध्याकाळी तो सोंग घेऊन बाहेर पडला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी गावाने आम्हाला सांगितलं की टपालवाल्याच्या कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाडीवर बसून तो रेल्वेपर्यंत गेला, तिथून टोरँटोला. कारखान्यात नोकरी मिळणार होती म्हणे. आई एकोणतीस वर्षं पत्राची वाट बघत होती. "गेला तो गेला मेला, माझा पडदा घेऊन गेला," असं ती म्हणायची आणि खिडकीला दुसरा पडदा लावू द्यायची नाही. तिला पुरताना मी मनातल्या मनात गारलंडला जितक्या शिव्या दिल्या तितक्या मी आयुष्यात कोणाला दिल्या नसतील.

मी तशीच बाहेर पडले. एसाकाकाच्या घराचं दार वाजवलं नाही, लाथेनेच उघडलं.

५

एसा फज एक्याऐंशी वर्षांचा. रेडिओ ऐकत बसला होता. मी रेडिओ बंद केला.

"साबिनाआत्याच्या चित्रातलं ते सोंग गारलंड आहे ना?"

त्याने नाव ऐकताच हात वर केला, डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून करतात तसा. "नाव घेऊ नकोस, पोरी."

"का घेऊ नको? माझा भाऊ आहे. काका, खरं सांग, नाहीतर ही किल्ली मी समुद्रात टाकते आणि त्या शाळेला काडी लावते. तू मला ओळखतोस."

मग त्याने सांगितलं.

त्या वर्षी खाडी गोठली होती. पाच सोंगं पलीकडच्या काठावरून बर्फावरून चालत येत होती, तिन्हीसांजेची वेळ होती. गाव धक्क्यावर जमलं होतं, कोण कोण आहे ते चालीवरून ओळखायला. सोंगाने बोलायचं ते श्वास आत ओढून, म्हणजे आवाज कोणाचा ते कळत नाही. नाव बरोबर ओळखलं की सोंगाने कापड वर करून तोंड दाखवायचं, मग त्याला घरात घ्यायचं, खायला-प्यायला द्यायचं. आमच्या पणजोबांपासूनची रीत.

"चौघं पुढे आली," काका म्हणाला. "पाचवा मागे राहिला होता. बर्फ मोडल्याचा आवाज आला. मग तो ओरडायला लागला."

"आणि तुम्ही?"

"पाणी किती गार असतं, तुला माहीत आहे. माणूस पडला की श्वास बाहेर येतच नाही, नुसता आत जातो. तो ओरडत होता ते आत ओढून. 'वाचवा, वाचवा', पण सोंगाच्या आवाजात. आम्हाला वाटलं नकला करतोय. काय सोंग वठवलंय, म्हणून आम्ही..." तो थांबला.

"म्हणून तुम्ही काय?"

"हसलो, पोरी. पोट धरून हसलो."

टेबलावरची कपबशी मी उचलली आणि भिंतीवर फेकली. "आणि आईला टोरँटो सांगितलंत! एकोणतीस वर्षं!"

"अजून ऐक. सगळंच ऐक आता. अंधार पडला तसे पोरांना घरी धाडून आम्ही साबिनाच्या स्वयंपाकघरात जमलो. सोंगं आली. पाच आली, हेस्टर. मी मोजली. चौघांना ओळखलं, त्यांनी तोंडं दाखवली. पाचवा कोपऱ्यात उभा. त्याच्याखाली पाणी साचत होतं. काही विचारलं की तो नुसता आत श्वास घ्यायचा. हं. हं. तोवर आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, बर्फात बुडालेला तोच. पडदा दिसत होता ना, निळ्या दोऱ्याचा."

"मग?"

"मग काय? नाव घेतलं असतं तर त्याला कापड वर करावं लागलं असतं, आणि आम्हाला ते बुडालेलं तोंड बघावं लागलं असतं." काका रडत होता. "कोणीच नाव घेतलं नाही. साबिना मुद्दाम चुकीची नावं घेत राहिली. तासभर तो उभा राहिला आणि निघून गेला. सकाळी खाडीतलं भोक परत गोठलं होतं. कोण काय सांगणार होतं तुझ्या आईला?"

"आत्याने चित्र काढलं, पण तोंडाने बोलली नाही."

"धक्क्यावर जे जे हसले त्यांचं चित्र काढलं तिने. तुझी आई त्या दिवशी तापाने घरी पडली होती, म्हणून ती त्यात नाही." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ते नको होतं. "आणि तू लाल कोट घालून खडकावर उभी होतीस, हेस्टर. सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस. तू म्हणालीस, परत कर, परत कर."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. लाल कोट मात्र आठवला. ती संध्याकाळही आठवली. ती कुठल्यातरी दुसऱ्याच वर्षाची, आनंदाची संध्याकाळ म्हणून मी इतकी वर्षं जपून ठेवली होती.

६

शुक्रवारी दुपारी दोनला निरोपाचा चहा होता. सगळं गाव आलं, म्हणजे जेवढं उरलंय तेवढं. चित्रातले मी सोडून सहाजण अजून हयात आहेत. समितीने त्यांना पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या होत्या. नेटीने टोपी घातली होती. ट्रक दाराशी लागलेला होता.

"हेस्टर आपल्याला शेवटचं एकदा चित्र समजावून सांगतील," डॉक्टरबाई हसून म्हणाली. "तीन वर्षं त्या या आनंदी गावाची ओळख पाहुण्यांना करून देताहेत."

मी चित्राकडे पाठ करून गावाकडे तोंड केलं. छडी घेतली नाही.

"हे भोळं चित्र नाही," मी म्हणाले. "आणि हा उन्हाळाही नाही. जानेवारी दाखवायची आत्याची हिंमत झाली नाही, एवढंच. या माणसांची तोंडं उघडी का आहेत ते सांगते. ती हसताहेत. काय बघून हसताहेत तेही सांगते. आधी नावं ऐका."

"हेस्टर," एसाकाका पहिल्या रांगेतून म्हणाला, "पाया पडतो तुझ्या."

"लिअँडर टिबो."

हं.

या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं. मागे कोणीतरी खुसखुसलं, मग गप्प झालं. मी एकेक नाव घेत गेले. प्रत्येक नावाला पाठीमागून तो श्वास आत जात होता आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा जवळून येत होता. नेटी फजच्या नावाला नेटीने टोपी काढून तोंडावर धरली. अठरावं नाव घ्यायला मला वेळ लागला.

"हेस्टर पार्डी," मी म्हणाले. "सगळ्यांत मोठ्याने हसली ती."

हं. अगदी मानेशी. गार.

डॉक्टरबाईने लिहिणं थांबवलं होतं. कोणी जागचं हलत नव्हतं. मला राग होता, त्यांचा होता, माझा होता, मेलेल्या साबिनाआत्याचा तर सगळ्यांत जास्त होता, कारण तिने नाव घेतलं असतं तर गोष्ट त्या रात्रीच संपली असती. त्या रागानेच मला उभं धरलं होतं, नाहीतर मी पळाले असते.

"आणि हा माझा भाऊ. गारलंड पार्डी."

हं आलं नाही.

एक श्वास बाहेर सुटला. लांब, ओला, संपता न संपणारा. चाळीस वर्षं जो नुसता आतच जात होता तो. माझ्या केसांवरून गेला आणि पहिल्या रांगेतल्या नेटीच्या टोपीची फीत त्याने हलवली. नंतर कापडाचा आवाज आला. भिजून अंगाला चिकटलेलं कापड सोडवताना होतो तसा.

पहिल्या रांगेतल्या सहाही जणांची तोंडं उघडी पडली होती. आता मात्र कोणी हसत नव्हतं.

"वळू नकोस, पोरी," एसाकाका म्हणाला.

ज्याला मी आईच्या थडग्यावर शिव्या दिल्या होत्या त्याला पाठ दाखवून उभी राहू? मी वळले. लोकरीच्या हातमोज्यातला एक हात लेसची कड धरून होता आणि कापड हनुवटीच्या वर सरकलं होतं. हनुवटीवर एकोणीस वर्षांच्या पोराला असतात तसे चार केस होते. त्यांच्या वर मी नजर नेली नाही. भीती वाटली हे खरंच आहे, पण त्याहून जास्त लाज वाटली.

मी परत गावाकडे वळले.

"ओळखलंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तोंड दाखवलंय त्याने. आता रीत काय आहे? घरात घ्यायचं ना? जागा द्यायची ना? उठा!"

कोणी उठेना.

"उठा म्हणते ना! चाळीस वर्षं उभं ठेवलंत त्याला!"

एसाकाका काठीवर भार देऊन उठला. आपली खुर्ची त्याने दोन्ही हातांनी ओढत स्टोव्हजवळ नेली, तिचं तोंड विस्तवाकडे केलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दारातल्या ट्रकवाल्याने हलकेच टोपी काढली. खोलीत पाण्याचे थेंब पडत होते, एकामागून एक, चित्रापासून स्टोव्हपर्यंत.

मग खुर्ची करकरली.

मी कपात चहा ओतला. गारलंड चहात साखर किती घ्यायचा ते मला आठवेना, म्हणून मी त्याला विचारलं.